रविवारची गोळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, माझ्या आईला पण नाही. पोरगी झोपलीय तोवर बोलून टाकते.

माझ्या सासूची हाडं ठिसूळ झालीत. मोरीत नुसत्या घसरल्या तर मनगट मोडलं, मग मशीनवर झोपवून तपासलं तेव्हा कळलं. डॉक्टरने आठवड्याची एक गोळी दिली — रविवारी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहा पण नाही.

आणि आमच्या कॅम्पातल्या चाळीत नळाला पाणी कधी येतं? नेमकं तेव्हाच. मी पिंप भरतेय, पोरगी बोंबलतेय, आणि ह्या बाई खुर्चीत — मान सरळ, हात मांडीवर, जशा काय फोटो काढायला बसल्यात. असली चीड यायची! महाराणी, मी मनात बोलायचे. हाडं म्हणे ठिसूळ. मग आमची काय लोखंडाची? गोळी खाऊन कुठे हाड भरतं? — नववीत शाळा सुटलेली मी, पण डॉक्टरपेक्षा मलाच जास्त अक्कल.

एकदा औषध आणायला मी एकटीच गेले. आणलंच नाही. घरी येऊन बोलले, "आई, डॉक्टर बोलले गोळी बंद. हाडं भरली आता."

किती खूश झाल्या! "बरं झालं बाई, चहावाचून जीव जायचा माझा." पुढच्या रविवारी पोरगी त्यांच्या कडेवर, आणि माझं पाणी निवांत भरलं. हो, एवढ्यासाठीच. दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर पोरीला पाळण्यातून उचलताना त्या मधेच थांबल्या. पडल्या नाहीत, ओरडल्या पण नाहीत — पोरीला माझ्याकडे दिली आणि तशाच खाली बसल्या. मणका दबला होता. गोळी बंद आहे कळल्यावर डॉक्टर चिडला, "अम्मा, गोली क्यों बंद की?"

"तुम्हीच तर बंद केली ना? ही सुषमा —"

आणि मी मधेच, "नाही ओ आई, तुम्हीच विसरायच्या. मी किती आठवण करून द्यायचे!"

पहिलं खोटं आळशीपणाचं होतं. पण हे? नवरा बाजूला उभा होता, माझी फाटली — बस. त्या बघत राहिल्या माझ्याकडे. मग हळूच बोलल्या, "असेल बाई. वय झालं."

आता सगळे त्यांनाच बोलतात. नणंद बदलापूरवरून येते ती दारातूनच, "एक गोळी लक्षात राहत नाही आई तुला? सिरीयलमधल्या सुना बऱ्या पाठ असतात!" त्या हसतात. वाकल्यात आता, हसताना पण कंबर धरतात.

त्या कधीच काही विसरत नव्हत्या. माझ्या माहेरच्या म्हशीचं नाव पण त्यांना माहीत होतं. आणि मी, त्यांच्या पोराच्या घरात, त्यांनाच विसरभोळी ठरवली — इतकी हलकी बाई मी दुसरी बघितली नाही.

गोळी परत चालू आहे. शनिवारी झोपताना त्या पदराला गाठ मारतात, विसरू नये म्हणून. सकाळी गोळी घेतात, भिंतीला टेकून जमेल तेवढ्या ताठ बसतात. मी पिंप भरते, तिकडे बघत नाही. मग गाठ सोडता सोडता त्या मलाच विचारतात, "घेतली ना गं मी?"

घेतली, मी बोलते. आणि पिंपावर झाकण ठेवते.