माणगंगेचे मॅनेजर

उजव्या हाताचा पंजा छातीसमोर आडवा धरायचा, एकदाच खाली दाबायचा आणि म्हणायचं, "जैसे थे!" आमच्या मॅनेजरचा हा हुकूम ऐकला नाही असा माणूस तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात सापडला नसता. कवायतीत एखादा हुकूम मागे घ्यायचा असला की 'जैसे थे' म्हणतात आणि जवान पहिल्या स्थितीत येतात. आमचे मॅनेजर पलटणीतले हवालदार. निवृत्त होताना त्यांनी बाकीचं सगळं सामान जमा केलं, हा हुकूम तेवढा बरोबर आणला. चहावाल्याने साखर वाढवली, जैसे थे. बायकोने कॅलेंडर दुसऱ्या खिळ्याला लावलं, जैसे थे. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही गल्लीत असेलच.

पण तो रॉक बँडचा मॅनेजर नसेल. सत्तरच्या दशकात सांगलीत रॉक बँड होता हेच आज कुणाला पटत नाही. हळदीच्या एका रिकाम्या गोदामात आम्ही तिघं वाजवायचो. अरविंद गिटार वाजवून गायचा. मी शाळेतला कारकून, माझ्याकडे बेस गिटार. ड्रमवर बिरू. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. यार्डात पोती उचलायचा आणि जत्रेत गजीच्या नाचाला ढोल वाजवायचा. हवालदारांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आम्ही जाळला, म्हणून ते भांडायला आले, दारातच थबकले आणि तीन गाणी ऐकून म्हणाले, "वाजवायची अक्कल हाय तुमाला, बोलायची न्हाई. बोलणं माझ्याकडं." त्या दिवसापासून ते मॅनेजर झाले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

पहिला निर्णय नावाचा. अरविंदला झोकदार इंग्रजी नाव हवं होतं. हवालदारांनी ठरवलं, माणगंगा.

"आवं हवालदार, आठ महिने कोरडी असते ती नदी," अरविंद कळवळला.

"कोरडी पडली म्हणून नाव टाकलंय का तिनं?"

ड्रमवर नाव रंगवलं गेलं. मग हवालदारांनी आमची टेप मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीकडे पाठवली आणि महिनाभराने चक्क उत्तर आलं. तबकडी काढू, पण तीन अटी. नाव इंग्रजी ठेवा. एका बाजूला सिनेमाच्या चाली वाजवा. आणि ड्रमवर आमचा माणूस बसेल, कारण तुमच्या ड्रमरच्या हाताचा भरवसा नाही.

आता जे सांगतो त्याची मला अजून लाज वाटते. अरविंद म्हणाला, मान्य करू. मीही म्हणालो, "बिरूला पुढच्या रेकॉर्डला घेऊ." बिरू शेजारीच पोत्यावर बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "घ्या की त्यांचा. माजं काय, जत्रा हायतच."

हवालदारांनी पोस्टकार्ड काढलं आणि आमच्यासमोर लिहिलं, 'तिन्ही बाबतीत जैसे थे. कळावे.' अरविंद आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. मी बोललो, पण मनातून चिडलो होतो. एवढी चालून आलेली संधी या माणसाने एका कार्डावर घालवली असं मला वाटत होतं.

कंपनीने मात्र बोलावलं. नाव राहू द्या, गाणी तुमचीच वाजवा, पण ड्रमरला रेकॉर्डिंगच्या दोनच खेपा मिळतील. जमलं नाही तर आमचा माणूस तयार बसलेला असेल.

हळदीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून आम्ही मुंबईला गेलो. उतरलो तेव्हा माणसं, गिटारी, ड्रम सगळं पिवळंधमक. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "हा तुमचा पोशाख का?"

"लग्नाआधी हळद लावत्यात आमच्यात," हवालदार म्हणाले आणि बूट झटकून आत शिरले. त्यांच्या बुटांत तोंड दिसायचं. त्या दिवशीसुद्धा दिसत होतं.

बिरूला एका जाड पडद्याआड बसवलं, कानाला हेडफोन लावले. पहिली खेप निम्म्यात कोसळली. बिरू आधी मागे पडला, मग धावला, मग थांबलाच. कंपनीचा ड्रमर शर्टाच्या बाह्या दुमडू लागला. हवालदार पडद्याआड गेले, त्यांच्या मागे मी.

"काय झालं रं?"

"पाय दिसत न्हाईत," बिरू रडवेला झाला होता. "ढोल नाचणाऱ्याचं पाय बघून वाजीवत्यात. हितं कुणाचं बघू?"

दोन वर्षं तो आमच्या पायांकडे बघून वाजवत होता आणि आम्ही समजत होतो, पोरगा लाजाळू आहे. हवालदारांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, पँट पोटरीपर्यंत दुमडली आणि खिशातला पांढरा रुमाल बोटाला बांधला.

"वडूजला आमच्या गजीत मी म्होरं असायचो," ते हळूच म्हणाले. "पलटणीत कुणाला सांगितलं न्हाई. हसत्यात."

साहेब डोकावले. "अहो, हे काय चाललंय?"

"तुमचा पडदा हाय तितं राहू द्या. आमचा माणूस बी हाय तितंच राहणार."

दुसरी खेप सुरू झाली. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. पन्नाशी उलटलेला हवालदार अनवाणी, आवाज न करता नाचत होता. रुमाल वर जायचा, गुडघे वाकायचे, अंग गर्रकन वळायचं आणि बिरूचे हात त्याच्याबरोबर पडायचे. बिरूने असा ड्रम आधी कधी वाजवला नव्हता. मला स्वतःच्या शब्दांची इतकी शरम वाटली की बोटं कशीबशी चालवली.

आणि शेवटच्या ठोक्याला हवालदार भान विसरले. टाच लाकडी जमिनीवर आदळली. धप्प!

त्यांचा चेहरा उतरला. ते तसेच अनवाणी बाहेर आले. "साहेब, चूक माजी हाय. पुन्यांदा घ्या." त्यांना विनवणी करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तिसऱ्या खेपेला आमचा माणूस बसेल," साहेब म्हणाले.

पडदा हलला. बिरू बाहेर आला. साहेबांसमोर उभं राहून त्याने पंजा छातीसमोर आडवा धरला आणि खाली दाबला.

"जैसे थे!"

अरविंद त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मग मी. साहेबांनी आम्हा चौघांकडे पाहिलं आणि काचेपलीकडच्या माणसाला मान हलवून सांगितलं, राहू दे.

तबकडी निघाली. फार कुणी घेतली नाही आणि कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. वेष्टनावर आम्हा तिघांची नावं आहेत. मॅनेजरचं नाव घालायला कंपनीवाले कबूल झाले नाहीत. पुढे हवालदार वडूजला गेले आणि तिथेच वारले.

तबकडी अजून माझ्याकडे आहे. घरी कुणी आलं की लावतो. गाणं संपता संपता तो धप्प आवाज येतो आणि ऐकणारा हमखास म्हणतो, कुणी तरी काही तरी पाडलेलं दिसतंय.

"नाही," मी सांगतो, "ते आमचे मॅनेजर."