तळावरचं आडनाव

"तिरका आहे म्हणजे सिस्टरचाच!" काकू हसत म्हणाल्या आणि त्यांनी माझा कप उचलला. खात्री करायला उलटा केला. तळ वाचला. परत एकदा वाचला. हसू गेलं. कप टेबलावर ठेवून त्यांनी पर्समधली दोन पेनं काढली आणि त्यात उभी केली.

"पेनं ठेवायला किती छान आहे, नाही?"

मग त्यांनी कागदी कपात चहा मागितला.

सावेडीतल्या एका बंगल्याच्या गॅरेजात आमचा मातीकामाचा वर्ग भरायचा. सहा रविवार, आठ जण, सगळे नवशिके. मी नर्स. बावीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, म्हटलं आता या हातांनी काहीतरी आपलं करावं. वर्गात मला सगळे सिस्टरच म्हणायचे. आडनाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिले तीन रविवार माझी माती चाकाच्या मधोमध बसेचना. सारखी एका अंगाला पळायची. शेजारच्या चाकावर काकू. माझ्याच बादलीत हात बुडवायच्या, मी मळलेला गोळा हक्कानं उचलायच्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी बोटं चाटून खाल्ली होती. एकदा त्यांना चक्कर आली तेव्हा नाडी मीच धरली होती.

चौथ्या रविवारी कप जमला. सर म्हणाले, "भट्टीत जायच्या आधी तळाला नाव कोरा." बाकीच्यांनी एकेक अक्षर कोरलं. मी मात्र शाळेच्या वहीवर लिहावं तसं पूर्ण नाव कोरलं. माझं, वडिलांचं, मग आडनाव. वडील शेवगावकडच्या एका शाळेत शिपाई होते. नाव लिहायचं तर पुरतं लिहायचं, ही त्यांची शिकवण. आमच्याकडे आडनाव वाचलं की माणूस गावातला की गावकुसाबाहेरचा, ते लगेच कळतं.

शेवटच्या रविवारी वर्गाचा एक रिवाज होता. चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचा कप येईल त्यातून चहा प्यायचा. काकूंना माझा आला.

पेनं बघून मी काय केलं? हसले. "हो, छान दिसतायत," असं म्हणाले. वर मलाच लाज वाटली. आणि मनात पहिलं काय आलं, तर एकच अक्षर कोरलं असतं तर बरं झालं असतं.

त्या विचारानं माझ्या अंगाची आग झाली. पेनं त्यांची होती, पण हा विचार माझा होता. म्हणजे इतकी वर्षं मी 'सिस्टर' या शब्दामागे लपून बसले होते.

उठले. पेनं काढून काकूंच्या पुढ्यात ठेवली. नळावर कप धुतला. किटलीतला चहा त्यात ओतला.

"काकू, माझी चटणी चालली. माझा हात चालला. कपच का चालंना?"

त्या कागदी कपाकडे बघत म्हणाल्या, "तसं काही नाही हो. आमच्याकडे पहिल्यापासून पाळतात, एवढंच."

सर मध्ये पडले. "सिस्टर, कशाला मनावर घेता? शेवट गोड करू या ना."

बाकीचे सहा जण आपापल्या कपात बघत बसले. हे लोक सहा रविवार माझ्याशी हसतखेळत बोलले होते. त्यांचं गप्प बसणं मला पेनांपेक्षा जास्त लागलं.

मी उभ्यानंच चहा प्याले. सगळा. कप ओढणीत गुंडाळला आणि निघाले.

घरी येऊन आईला फोन केला. "कशाला पुरं नाव लिवलं, बाई?" ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती." आईनं जन्मभर मूठ झाकली. तिच्यावर माझा राग नाही. पण त्या सव्वा लाखातलं तिच्या हाती काय लागलं, ते मी बघितलंय.

पुढच्या वर्गाला मी नाव घातलंय. सरांनी फोनवर विचारलं, "परत? नक्की?"

नक्की. आता नाव तळाला कोरणार नाही. बाहेरच्या अंगाला, कानाच्या शेजारी, ओठ लावायच्या आधी वाचावंच लागेल असं कोरीन. आडनाव सगळ्यात मोठं. चिठ्ठ्यांत माझा कप असेल आणि त्या दिवशी वर्गात कागदी कप मी येऊ देणार नाही. ज्याला चालणार नाही त्यानं बिनचहाचं घरी जावं.