वहिनीचा कामावरचा आवाज

माझी वहिनी अँब्युलन्सच्या फोनवर बसते. कुणाचा बाप जिन्यावरून पडला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की लोक ज्या नंबरवर ओरडतात, तिथे ऐकायला ही असते. आमच्या घरात प्रत्येकाच्या तोंडाचा पट्टा चालू, त्यात मी थोरली. ही लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत ही पण आमच्यासारखी होईल. कसलं काय. एकदा स्वयंपाकघराच्या पडद्याने पेट घेतला, तेव्हा चहा घेणार का विचारावं तशा सुरात तिने मला बादली आणायला सांगितलं होतं. भाऊ म्हणतो, हिच्या डोक्यावर बर्फ आहे. मी म्हणते, अख्खा फ्रीजच आहे.

तिच्या कामाची जागा मी एकदा पाहिली आहे. तळमजल्यावरची लांबट खोली, ओळीने टेबलं, कानाला हेडफोन लावलेली माणसं आणि भिंतीवर मोठा नकाशा. बाहेर कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला आणि आत पंख्याचा तेवढा आवाज, हे बघून मलाच कसंतरी झालं. तिथे आवाज चढवायचा नाही, अशी शिस्त. फोनवरचा माणूस घाबरलेला असतो, त्याला धरायला काहीतरी हवं ना, असं वहिनी म्हणाली होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गल्लीतले लोक नंबर फिरवत बसत नाहीत, सरळ आमच्या वहिनीचं दार वाजवतात. मग ती घरून आपल्या कामावरच्या मैत्रिणींना फोन लावते, पेशंटची माहिती सांगते आणि गाडी मागवते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तिकडे सगळ्यांना तिच्या अशा फोनची सवय झालेली.

तिला आठवा लागला. भाऊ मालाचा ट्रक चालवतो, तो नेमका बाहेरगावी. मी शिवणकाम करते, म्हणून मशीन उचललं आणि तिच्या सोबतीला मुक्कामच ठोकला. त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत शर्टांना कॉलरी लावत होते. आतून वहिनीने हाक मारली आणि येताना फोन व दोन टॉवेल आणायला सांगितले. गेले तर ती पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली आणि खाली फरशी ओली.  तिने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"माझ्या घरी गाडी हवीय. महिला, आठवा महिना. पाणी गेलंय, कळा लागोपाठ येतायत."

पलीकडे तिची मैत्रीण होती. तिच्या खणखणीत आवाजामुळे आम्ही तिला घंटी म्हणतो. घंटीने विचारलं, तू पेशंटजवळच आहेस ना? वहिनी म्हणाली, "हो, अगदी जवळ." जोर येतोय का म्हणून विचारलं, तर एक कळ गिळून म्हणाली, "येतोय." गल्लीतलीच कुणी असेल असं धरून घंटीने हिशेब केला: जोर येतोय म्हणतात, पण बाई शांत आहे, मागे आरडाओरडा नाही, म्हणजे अजून वेळ आहे. जवळची गाडी ती एका अपघाताला पाठवणार होती, आम्हाला लांबची मिळणार होती. वहिनी म्हणाली, ठीक आहे.

मी कपाळाला हात लावला. त्या टेबलावर बसून कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. पेशंट असतो, नातेवाईक असतात, गाडी असते. हे हिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की स्वतःचं बाळ येत असतानाही ही आपली नोकरीच करत होती. मी फोन हिसकावून घेतला.

"अगं, हीच पेशंट आहे," मी म्हणाले. "तुझी मैत्रीण. हिचंच बाळ येतंय."

 घंटीने लगेच कुणाला तरी जवळची गाडी वळवायला सांगितलं, पण ती अपघाताकडे निघून गेली होती. लांबची यायला वेळ लागणार होता आणि बाळाला तेवढा दम नव्हता. तेव्हा घंटी मला म्हणाली, ताई, हात धुऊन या.

माझी पाचावर धारण बसली होती. डोकं दिसायला लागलं तशी घंटी एकेक सांगत गेली, आणि वहिनी तिच्या आधीच पुढचं वाक्य बोलायला लागली. ताई, ओढू नका. नुसता तळहात टेकवा. मानेभोवती काही लागतंय का बघा. आपल्याच बाळंतपणात सुईणीला शिकवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. पण खरं सांगते, त्या आवाजाने मला धीर आला.

मानेभोवती नाळेचा वेढा होता. सैल होता, म्हणून मी तो डोक्यावरून काढू शकले. पुढच्या कळेला बाळ माझ्या हातात आलं. मुलगी. निळसर, ओलीगच्च आणि गप्प. आमच्या घरात जन्माला येऊन गप्प.

आता वहिनीचं पुढचं वाक्य आलं नाही. पुढे काय विचारायचं ते तिला पाठ होतं, रोज विचारत होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी घंटीनेच विचारलं.

"ताई, बाळ श्वास घेतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

घंटीने सांगितलं, तोंड पुसा, टॉवेलने अंग कोरडं करा, पाठ चोळा, घाबरू नका, जोरात चोळा. मी चोळत राहिले. ती पाठ माझ्या तळहाताएवढीही नव्हती. मनात येईल त्याला मी नवस बोलले आणि येईल त्याला शिव्याही दिल्या. टॉवेल ओला झाला, दुसरा घेतला. आणि मग ती खोकल्यासारखं काहीतरी करून थांबली, पुन्हा खोकली आणि रडायला लागली. तिचा रंग पायांपर्यंत बदलत गेलेला मी पाहिला. नाळ तशीच ठेवून मी तिला वहिनीच्या पोटावर टेकवलं आणि वरून चादर घातली.

घंटीने विचारलं, आई कशी आहे?

"आई शुद्धीवर आहे," वहिनी सवयीने म्हणाली.  मग तिचा आवाज पार फाटला. "मी घाबरलेय गं. मी फार घाबरलेय."

"बोल तू," घंटी म्हणाली. "मी ऐकतेय."

मग ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता सगळं बोलली. कळा पहाटेपासूनच येत होत्या. आधी वाटलं, पाठ धरली असेल. नंतर कळलं, पण सांगायचं कसं ते कळेना. दुसऱ्याचं सांगता येतं, आपलं सांगायला तोंडच उघडत नाही, असं ती फोनला म्हणाली. मी तिच्या सोबतीला म्हणून आलेली, आणि सकाळपासून पलीकडच्या खोलीत खडखड मशीन चालवत बसलेली. पोटावर तिची मुलगी नसती, तर इतका वेळ मला हाक मारली नाही म्हणून मी तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं.