आईच्या माहेराचा वेपॉइंट

लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीत उभं राहिलं की समोरच्यांच्या ताटात काय वाढलंय ते दिसायचं, पण आभाळ दिसायचं नाही. जीपीएसला नेमकं आभाळच लागतं. म्हणून ते यंत्र पहिल्यांदा घरी आणलं त्या रविवारी मी सकाळीच ते घेऊन गच्चीवर गेले.

यंत्र माझं नव्हतं. आम्हा डोंगर भटकणाऱ्यांचा एक ग्रुप होता. दर बुधवारी दादरला एका इराण्याकडे चहाला जमायचो आणि पुढच्या रविवारचा किल्ला ठरवायचो. ग्रुपमधल्या एकाच्या भावानं परदेशातून ते पाठवलं होतं. टीव्हीच्या रिमोटपेक्षा जाड, राखाडी, वर छोटासा काळापांढरा पडदा. तेव्हा फोनमध्ये असलं काही नसायचं. मी परळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायची, नकाशे वाचायची सवय होती, म्हणून सगळ्यांनी ते माझ्या ताब्यात दिलं. "तू शिक आधी, मग आम्हाला शिकव," म्हणाले.

गच्चीवर आई मिरच्या वाळत घालत होती. मी यंत्र वर धरून कठड्यापाशी गोल गोल फिरत होते. ती म्हणाली, "काय गं, पतंग कुटं अडकलाय का कुणाचा?"

"नाही गं. सॅटेलाइट शोधतेय. चार सापडले की आपण कुठे उभ्या आहोत ते सांगतं हे."

"आपुन गच्चीवर हाय. त्याला काय इचारायचं?"

मी हसले. तिला जवळ बोलावून पडदा दाखवला. आपण कुठे आहोत त्याचे आकडे येतात, आणि जिथे जायचं त्या जागेचे आकडे आधीच भरून ठेवले तर तिकडे जायचा बाण दिसतो. त्या भरून ठेवलेल्या जागेला वेपॉइंट म्हणतात, हे सगळं तिला सांगितलं. आई बराच वेळ बाणाकडे बघत राहिली.

"आन् रस्ता नसंल तर?"

"रस्ता नसला तरी दाखवतं. सरळ रेषेत."

ती पुन्हा मिरच्यांशी जाऊन बसली. मिरच्या उलट्यासुलट्या करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी असंल तरी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती कशाबद्दल विचारत होती.

आईचं गाव घाटमाथ्यावर, नदीच्या काठाला. ती लहान असताना तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तिच्या आईवडलांना दूर सपाटीवर कुठेतरी जमीन मिळाली. तिथे त्यांचं मन लागलं नाही. दोघंही लवकर गेले. मोठा भाऊ मुंबईत गिरणीत होता. त्यानंच आपल्या खात्यातला एक पोरगा बघून आईचं लग्न लावून दिलं. तो पोरगा म्हणजे माझे बाबा. बाबांचं गाव त्याच डोंगराच्या पायथ्याला, कोकणात, चिपळूणच्या बाजूला. म्हणजे घाटावरची मुलगी घाटाखाली दिली, पण सगळं ठरलं लालबागेत.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. बाबा साळखात्यात मागावर होते. सुरुवातीला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत भोंगा वाजेल. मग चाळीतली एकेक खोली बंद व्हायला लागली. माणसं बायकामुलांना गावी पाठवत होती. आम्हालाही बाबांनी त्यांच्या गावी काकांकडे पाठवलं. काका-काकू प्रेमळ होते, पण घर लहान आणि तोंडं फार. काकू आणि शेजारच्या बायका अधूनमधून मुलांना घेऊन माहेरी जायच्या, चार दिवस राहून येताना तांदूळ, कुळीथ, काहीबाही आणायच्या. आई कुठेच जायची नाही. एकदा मी तिला विचारलं, "आपण का नाही जात तुझ्या घरी?"

"माजं घर पान्याखाली हाय," ती म्हणाली.

मला त्यात काही वाईट आहे असं वाटलंच नाही. पाण्याखाली एक गाव आहे, तिथे आजी चूल पेटवते आहे, गाई चरतायत आणि वरून मासे जातायत, असं चित्र मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

संप मिटला असं कुणी येऊन सांगितलं नाही. आम्ही परत आलो, पण बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. त्यांनी चाळीच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल टाकलं. कुणाचाही शर्ट हातात आला की आधी बोटांनी चिमटीत धरून बघायचे, मग इस्त्री फिरवायचे. त्या टेबलावर मी शिकले, भाऊ शिकला. आई घरी मसाले करून विकायची. माहेराचा विषय पुन्हा निघाला नाही, तो असा थेट गच्चीवर मिरच्यांमध्ये निघाला.

बुधवारी मी ग्रुपमध्ये हे सांगितलं, आईचं गाव यंत्रात भरायचंय म्हणाले. सगळे म्हणाले, सध्या मिळणाऱ्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेच्या नकाशावर, तिथे नुसतं निळं पाणी असणार. तू गिरगावच्या काकांकडे जा.

गिरगावचे काका म्हणजे खोताच्या वाडीजवळ एका जुन्या घरात राहणारे निवृत्त गृहस्थ. आमचा जन्म व्हायच्या आधीपासून ते सह्याद्रीत फिरत होते. त्यांच्याकडे पलंगाखाली कापडावर चिकटवलेले जुने सर्वेचे नकाशे गुंडाळून ठेवलेले असत. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "आईलाच घेऊन ये ना."

आई इस्त्रीची साडी नेसून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन निघाली. काकांनी पलंगावर नकाशा पसरला. खरंच, त्यावर धरण नव्हतं. कंटूरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या, तपकिरी रेषांमधून एक निळी नदी वळणं घेत गेली होती आणि दोन्ही काठांना बारीक अक्षरांत गावांची नावं होती. इंग्रजी अक्षरं आईला येत नव्हती. काकांनी नदीवर बोट ठेवलं आणि खालच्या अंगाचं पहिलं नाव मोठ्यानं वाचलं.

आई चटकन म्हणाली, "त्याच्या म्होरं..." आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं.

काकांनी बोट सरकवलं. "बरोबर! आता पुढचं?"

तिनं तेही सांगितलं. काकांना मजाच वाटायला लागली. ते बोट सरकवत होते आणि आई नाव घेत होती. एखाद्या वाडीचं नाव नकाशात नसायचं, तर "ही बारकी व्हती, धा-बारा घरं," म्हणायची. असं करत करत बोट एका वळणावर आलं आणि आई बोलायची थांबली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी वाकून वाचलं. तिच्या गावाचं नाव होतं, जरा वेडंवाकडं, साहेबानं ऐकून लिहिल्यासारखं.

"हेच का गं?"

तिनं मान हलवली. मग तिनं स्वतःच बोट पुढे केलं. "हे काय हाय, बारीक?"

"देऊळ," काका म्हणाले. "आणि हा गोल म्हणजे विहीर."

"आमची हीर," आई म्हणाली. काका उठून पाणी आणायला आत गेले आणि जरा उशिरानेच बाहेर आले.

मी तिथेच बसून ट्रेसिंग पेपरवर तो सगळा भाग उतरवून घेतला. गाव, देऊळ आणि विहीर असे तीन वेपॉइंट मोजून काढले. निघताना काकांनी बजावलं, "या नकाशाची मोजणी जुनी आहे. यंत्रात मोजणीची पद्धत आधी बदलून घे, नाहीतर फसशील." तरी पुढे आम्ही एकदा फसलोच. एका किल्ल्यावर देवळाच्या पायरीवर बसून पोहे खात होतो आणि यंत्राच्या हिशेबानं आम्ही सगळे खालच्या दरीत होतो. त्या दिवसानंतर सेटिंगमधलं त्या जुन्या मोजणीचं नाव मी पाठच करून टाकलं.

दिवाळीनंतर आम्ही तिघं निघालो. आई, बाबा आणि मी. गिरगावच्या काकांना गुडघ्यांमुळे जमणार नव्हतं. बाबांचा यंत्रावर विश्वास नव्हता. "या डबीवर जायचं? त्यापेक्षा कुणाला तरी विचारू की," असं ते चिपळूण येईपर्यंत म्हणत होते. गावी बाबांच्या भावाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं घाट चढलो. पाण्याच्या काठावरच्या एका गावात मोटरबोट मिळाली. नावाडी आईच्या भागातला, चाळिशीचा.

"कुटं सोडायचं?" त्यानं विचारलं.

"सोडायचं नाही," मी म्हणाले. "पाण्यातच एका जागी न्यायचंय."

त्यानं आमच्याकडे नीट बघितलं. आईनं गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या आज्जीची भन दिलेली त्या गावात," आणि पुढे काही न विचारता त्यानं इंजिन सुरू केलं.

मी पुढे बसून बाण बघत होते. उघड्या पाण्यावर सॅटेलाइट भराभर सापडले. "थोडं डावीकडे... आता सरळ..." अंतराचा आकडा कमी होत होता. बाबा सुरुवातीला लांब बघत बसले होते. मग हळूच सरकून माझ्या खांद्यावरून डोकावायला लागले. "किती राहिलं?" "डावीकडे घे म्हणतंय बघ," असं आता तेच नावाड्याला सांगत होते. आई मधल्या फळीवर पिशवी घट्ट धरून बसली होती.

आकडा अगदी खाली आला तेव्हा मी हात वर केला. नावाड्यानं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. बोट हलत होती म्हणून बाण इकडेतिकडे गिरक्या घेत होता.

"आलं, आई."

तिनं आधी पाण्यात बघितलंच नाही. तिनं आजूबाजूचे डोंगर बघितले, एकेक करून. म्हणाली, "डोंगर बुटकं झालं." त्यांचे पाय पाण्यात होते, म्हणून. मग डोंगराच्या एका धारेकडे हात करून म्हणाली, "तिकडनं सूर्व्या यायचा. आई म्हनायची, उठ, गाई सुटल्या." एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिनं बोटीबाहेर हात काढून तळवा पाण्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

मग विचारलं, "देऊळ कुनीकडं?"

दुसरा वेपॉइंट लावला आणि बोट हळूहळू तिकडे नेली. आईनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढलं. गावदेवीची ओटी पाण्यात सोडली. खण जरा वेळ तरंगला, फुगला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, झालं. पण तिनं पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी काढून बाबांपुढे धरली.

"हे काय गो?" बाबा म्हणाले.

"पयल्यांदाच सासुरवाडीला आलायसा. बा असता तर त्यानं दिलं असतं."

एवढ्या वर्षांत बाबांना कुणी जावई म्हणून पाटावर बसवलं नव्हतं. लग्न लालबागेत, दिवाळसण लालबागेत, सासूसासरे लांब आणि मग तेही नाहीत. हे त्यांच्या मनात कधी आलं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण आईच्या मनात ते होतं. बाबांनी टॉवेल घेतला, सवयीनं चिमटीत धरला. "सूत चांगलंय," म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि पाण्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. नावाड्यानंही चप्पल काढली.

शेवटी विहिरीची जागा बघून परत फिरलो. जाताना न बोललेली आई येताना थांबतच नव्हती. कुठल्या घरी बारशाला गेली, कुठल्या आंब्यावरून पडली, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली. बाबा टोपी घालून सगळं ऐकत होते, मध्येच "मग?" म्हणत होते. मी यंत्र बंद करून बॅटऱ्या वाचवायला हव्या होत्या, विसरूनच गेले.

मुंबईत परत आल्यावर ही गोष्ट आईनं चाळीतल्या एकीला सांगितली, तिनं वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आपल्या मावसबहिणीला. पुढच्या महिन्याभरात आमच्या खोलीत कधी न पाहिलेल्या बायका यायला लागल्या. सगळ्या त्याच खोऱ्यातल्या, लहानपणी उठून गेलेल्या. "तुमच्या पोरीकडं यंत्र हाय म्हनं?" मी ट्रेसिंग पेपर घेऊन पुन्हा काकांकडे गेले. काकांनी सगळे नकाशे काढूनच ठेवले होते.

पुढच्या वर्षी आम्ही दोन बोटी केल्या. बाबांनी टेबल सोडून यायला नकार दिला, म्हणाले, "बायकांचं माहेरपण आहे, मी कशाला मध्ये?" माझ्या बोटीत आई धरून सात जणी होत्या. आईच्या गावावर पोचलो, इंजिन बंद झालं आणि मी म्हटलं, "हे गाव." सगळ्या वाकून पाण्यात बघायला लागल्या. मग आईनं पाण्यावर बोट दाखवून म्हटलं, "हितं आमचं घर."

"चल गं," मागून एक म्हातारी म्हणाली, "तुजं घर वढ्याच्या पल्याड. हितं आमचं खळं."

"खळं न्हवं, खळं खालच्या अंगाला."

"मला सांगतीस? मी त्या खळ्यात खेळले."

दुसऱ्या बोटीतून तिसरीच कुणीतरी ओरडली की दोघीही चूक आहेत, हा तर सुताराचा वाडा. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, बोट डुलायला लागली. नावाडी घाबरून "आज्जी, बसा, बसा" म्हणत राहिला आणि कुणीही बसेना.