चौथा बोल्ट

सिनप्पन अण्णाच्या हातून बोल्ट तुटत नाही, असं आमच्या ट्रिंगकाप गावात सगळे म्हणत. मी जरा जास्तच म्हणत असे. साहित्य शिकून नुकताच गावी परतलो होतो आणि कौतुक करायला मला एक माणूस हवाच होता.

आमच्या डोंगरातल्या लँड रोव्हर गाड्या आमच्या वडिलांहून म्हाताऱ्या. कोबी, खताची पोती, आजारी माणसं, सगळं त्यांतूनच चढतं-उतरतं. पावसाने आणि खताने त्यांचे बोल्ट असे गंजतात की कुठे बोल्ट संपला आणि कुठे गाडी सुरू झाली ते कळत नाही. ते सोडवणं हा अण्णाचा धंदा. त्याचे आईवडील चहाच्या मळ्यात पानं खुडायचे. तो मळ्याच्या गॅरेजात शिकला आणि पुढे रस्त्याच्या वळणावर त्याने स्वतःची शेड टाकली.

त्याची रीत गावाला पाठ होती. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा. गॅसच्या ज्योतीने बोल्टच्या भोवतालचं लोखंड तापवायचं. मग मेणबत्तीचा तुकडा टेकवायचा, म्हणजे मेण वितळून आट्यांत शिरतं. पाना लावून आधी केसभर आवळायचं, मग केसभर सोडायचं. पुन्हा आवळायचं. अडचणीच्या जागांसाठी त्याने काही पाने तापवून वाकवले होते. त्यांतला सगळ्यात वाकडा दाखवून तो म्हणायचा, "ही माझी सासू. सरळ कधी वागत नाही, पण नेमक्या जागी पोचते."

मेणबत्त्या चर्चमधल्या. चर्चची झाडलोट करणारी पाक्यम अक्का जळून उरलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात साठवायची. रविवारी मिस्सा झाली की अण्णा डबा रिकामा करून न्यायचा.

"लोकांची गाऱ्हाणी माझ्या बोल्टांत जातात," तो म्हणायचा. "मग ते ऐकणार नाहीत तर काय करतील?"

त्याच्या कामावर कोणी उभं राहत नसे. गाडी लावायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि समोर चहा प्यायला जायचं.

एका रविवारी अक्काने मला दारातच धरलं.

"अरे, तुझा अण्णा कुठाय? डबा उतू चाललाय. देवाशी भांडलाय की बायकोशी?"

"का गं?"

"ती येते की. मागे बसते. विचारलं तर म्हणते, त्याचं अंग दुखतं. अंग दुखणारा माणूस दिवसभर गाडीखाली झोपतो होय?"

मी डबा घेऊन शेडवर गेलो. अण्णा एका जुन्या खोक्यावर बसला होता. हातात काम नव्हतं.

"अक्काने पाठवलाय."

"ठेव तिकडे."

तेवढ्यात खालून एक गाडी चढताना ऐकू आली. अण्णा उठून उभा राहिला. लो वाय कोंगची लँड रोव्हर होती. कोबीच्या मळ्यांचा मालक, म्हणजे आमच्या भाषेत तौके, वर राहणारा. पुढच्या सीटवर त्याची आई होती. गाडी वळणावरून गेली. आवाज पार विरेपर्यंत अण्णा तसाच उभा होता. मग तो बसला.

"ती गाडी दिसली?" तो म्हणाला. "तिच्या डाव्या चाकात तीनच बोल्ट आहेत."

मला कळलं नाही.

"चाक वळवणारा हात असतो ना, तो चार बोल्टांवर असतो. चौथ्याचं नुसतं डोकं आहे. मी चिकटवलेलं."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतोय.

मग त्याने सांगितलं. काही आठवड्यांपूर्वी ती गाडी त्याच्याकडे दुरुस्तीला आली. त्या दिवशी लो वाय कोंगचा माल भरून तयार होता आणि व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबला होता. लो चहाला गेला नाही, अण्णाच्या डोक्यावरच उभा राहिला. म्हणाला, "कम्पुंग राजा गावातला तो नवा पोरगा हवेच्या बंदुकीने फटाफट खोलतो सगळं. तू अजून मेणबत्त्याच लाव. माझा कोबी मेलाय का, मेणबत्ती लावायला?" समोर चहा पिणारे सगळे हसले.

"मीही हसलो," अण्णा म्हणाला. "आणि पान्यावर नळी चढवली. लांब, लोखंडी, जोर वाढवायला. मेण नाही, आच नाही. एक हिसका दिला."

"मग?"

"तुटला. मी मोठ्याने खोकलो. आवाज कळू नये म्हणून."

बोल्ट तुटला याचं मला काही वाटलं नाही. न ऐकलेला तो खोकला मात्र मला आजही ऐकू येतो.

"डोकं लुकणाने परत बसवलं. वर ग्रीस आणि चिखल फासला. तौके वाकून बघतो आणि म्हणतो, बघ, मनात आणलंस की होतं."

"तीनवर चालेल गाडी?"

"चालते तोवर चालेल. तो आईला दवाखान्यात नेतो त्यातून."

"अण्णा, मग सांग ना त्याला! बोल्ट काय, कोणाच्याही हातून तुटतात."

"कोणाच्याही. माझ्या नाही. तूच सांगत फिरतोस ना?"

मी डब्याकडे पाहिलं. दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना.

"फुकट ग्रीस भरून देतो म्हणून बोलवीन, असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "गुपचूप बदलला असता. पण तो आभार मानेल रे. त्याची आई पण मानेल. ती मला अंडी पाठवते." त्याने हात पँटला पुसले. स्वच्छच होते ते. "चल. तू बरोबर ये. नाहीतर मी अर्ध्या वाटेतून परत येईन."

लोच्या शेडमध्ये बायका कोबीची बाहेरची पानं कापत बसल्या होत्या. लो खुशीत होता.

"काय सिनप्पन! कवीला घेऊन आलास? कोबीवर कविता करायचीय का?"

"तौके, गाडी चालवू नका."

"का बाबा? मस्त चालतेय."

"डावीकडचा एक बोल्ट खोटा आहे. माझ्याकडून तुटला. मी डोकं चिकटवलं."

सुऱ्या थांबल्या. लोने गाडीकडे पाहिलं. पुढच्या सीटवर आईची उशी अजून तशीच होती.

"कधी?"

"त्याच दिवशी. ट्रक खोळंबला होता तेव्हा."

मला वाटलं, आता ओरडेल. तो हळू म्हणाला, "आई आजसुद्धा बसली होती." मग एक खोकं ओढून चाकाजवळ बसला. "इथेच कर. मी बघतो."

गॅसची टाकी आणि वेल्डिंगचं सामान मी लोच्या ड्रायव्हरबरोबर जाऊन अण्णाच्या शेडवरून आणलं. डबाही आणला. अण्णाने नखाने उचकटताच खोटं डोकं निघून आलं. त्याने उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड केला, भोवती आच दिली, आणि न बघता हात मागे केला. मी त्यात मेणबत्तीचा तुकडा ठेवला. केसभर आवळलं, केसभर सोडलं. लो एकदाही उठला नाही. बायकाही बघत होत्या. अखेर बुंधा कुईकुई करत बाहेर आला, आटे शाबूत ठेवून. एरवी असा तुकडा अण्णा उंच धरून दाखवायचा. आज त्याने तो फडक्यात गुंडाळून खिशात टाकला. नवा बोल्ट बसवला, आवळला.

"झालं, तौके."

लो उठला. "पाना दे."

तो स्वतः गाडीखाली शिरला. त्याने नव्या बोल्टला पाना लावून ओढून पाहिलं. मग शेजारच्या तिघांना. मग सरपटत उजव्या चाकाकडे गेला. त्या चाकाला अण्णाने हातही लावलेला नव्हता.

गाडीखाली अंधार होता. अण्णा गुडघ्यांवर बसला आणि त्याने लोसाठी बॅटरी धरली.

"जरा इकडे," आतून लो म्हणाला.

अण्णाने उजेड सरकवला.