जव्हारच्या बागेतली हळद

नाशिकहून जव्हारला जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. "त्या रानात पाहण्यासारखं आहे तरी काय?" असं यजमान सारखे विचारत होते. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ दत्तू तिथे संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, त्याचा संसार पाहीन. आणि दिवाळीला आला तेव्हा तो भर बाजारातल्या नव्या बागेचं इतकं कौतुक सांगत होता की ती बाग एकदा डोळ्यांनी बघायचीच होती. चैत्र सरत आला होता. भाकऱ्यांची चवड बांधून मी बैलगाडीत बसले.

त्र्यंबक मागे पडलं आणि रस्त्याने आपला गुण दाखवला. मोखाड्याच्या अलीकडे गाडीचं चाक दगडावरून असं घसरलं की मी, माझी वळकटी आणि लोणच्याची बरणी, तिघी एका कोपऱ्यात. बरणी फुटली. मोखाड्याला मुक्काम केला तिथल्या बाईने नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. भाकरी काळी आणि तोंडात फिरणारी, पण भूक अशी होती की मी मागून घेतली. ती बाई हसून म्हणाली, "नाशिकच्या बाया खात नाय म्हणत. तू तर खातेस."

जव्हार उंचावर आहे. घाट चढून वर आलो आणि एवढ्या उन्हाळ्यातही पदर सावरावा लागेल असा वारा सुटला. बाजाराची एकच मोठी आळी. तांबट, कासार, कापडवाले, मीठ आणि सुकी मासळी घेऊन बसलेल्या बाया. आणि आळीच्या मध्यावर ती बाग. अहो, काय सांगू! आमच्या गल्लीतल्या लग्नाचा मांडवसुद्धा मावायचा नाही एवढीशी. पण देखणी खरी. लोखंडी कठडा, लाल मुरमाच्या वाटा, गोऱ्या साहेबांच्या मापाने केलेले उंच बाक आणि मध्ये गुलाबांचा चौकोनी वाफा. वाफ्याला उभ्या दगडांचा काठ. दगड अर्धे मातीत पुरलेले. वर राहिलेल्या भागावर कुठे रेघोट्या, तर कुठे घोड्याचे पाय, आणि तेही आभाळाकडे केलेले.

"हा घोडा शीर्षासन करतोय की काय रे?" मी दत्तूला विचारलं.

"अक्का, ती जुनी कोरीव कामं आहेत. तिकडे माळावर बेवारस पडली होती, बागेच्या कारभाऱ्याने गाड्या भरून आणवली. नक्षीची बाजू जरा मातीत गेली, पण काठ कसा सरळ आलाय बघ."

काठ सरळ होता, ते मला कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भावजयीचं मूल तापाने किरकिरत होतं, म्हणून मी एकटीच निघाले. बागेच्या फाटकासमोर कासमभाई नावाच्या म्हाताऱ्या बांगडीवाल्याचं दुकान आहे. त्यांनी माझा हात असा अलगद दाबून बांगड्या चढवल्या की एकही पिचली नाही. मग बागेत जाऊन बाकावर बसले. पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा समोरच्या वाफ्याच्या दगडावर टेकवले आणि करवंदं खात येणारीजाणारी माणसं बघू लागले.

तेवढ्यात ढोल वाजला. आळीतून वारल्यांची एक मंडळी आली. पुढे ढोलवाला, मागे बाया, मध्ये हळदीने माखलेली एक पोर, आणि तिच्याशेजारी वाटी धरलेली तिची आई. मंडळी सरळ फाटकातून आत शिरली. त्यांच्यातली एक म्हातारी लांबट सुरात गाणं म्हणत होती. ती धवलेरी (वारल्यांचं लग्न लावणारी बाई), हे मला मागून कळलं. मला वाटलं, वरात रस्ता चुकली. मी हसत होते, खरंच हसत होते!

पोरीची आई माझ्यापुढे येऊन थांबली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "बाय, पाय काढ. माणूस आहा तो."

मी पाय असे ओढून घेतले की करवंदं सांडली. "माणूस? कोण माणूस?"

तेवढ्यात बागेचा शिपाई काठी घेऊन धावत आला. "पुन्हा आलीस? मागच्या बाजारी हाकललं होतं ना तुला? चल, बाहेर हो!" त्याने काठी उगारली आणि माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडले, "खबरदार! मी डॉक्टरसाहेबांची बहीण आहे. बाईवर काठी उगारतोस, लाज नाही वाटत?" शिपाई चपापला. दवाखान्याशी त्याची कधीतरी गाठ पडायचीच होती.

आरडाओरडा ऐकून कासमभाई दुकान उघडं टाकून आले. बाई त्यांच्या ओळखीची होती. तिचं नाव लाखी, दाभोशाकडची. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. "बाईसाहेब, हे चिरे आहेत. इकडे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड कोरून माळावर उभा करतात. घोडा, चंद्र, सूर्य काढतात. तो दगड म्हणजे तो माणूसच. घरात लग्न निघालं की पोराला-पोरीला लावलेली हळद त्यालाही लावतात. हिचा दादला दोन पावसांमागे तापाने गेला. त्याचा चिरा ह्यात आहे. उद्या लग्न, आणि बापाला हळद लागल्याशिवाय पोर मांडवात उभी राहायची नाही."

मी त्या वाफ्याभोवती नजर फिरवली. हे सगळे! बाप, आजे, भाऊ, कोणाची आई. सगळे डोकी खाली आणि पाय वर करून गुलाबाच्या मातीत गाडलेले! आणि काल ह्याच दगडांवर मी विनोद केला होता. माझा भाऊ, शिकलासवरलेला, काठ सरळ आला म्हणून खूश होता. देवा, मला त्या क्षणी त्याचीही किळस आली आणि माझीही.

"यातला तुझा कोणता?" मी लाखीला विचारलं.

"कळत नाय, बाय. तोंड मातीत आहा ना. घोडा तर साऱ्यांवरच काढतात."

"मग उपटून बघू! मी बघते कोण अडवतो ते. ए शिपाई, कुदळ आण!"

शिपायाचं तोंड उतरलं. पण लाखीनेच मान हलवली. "नको. एकदा उपटला, उलटा केला. परत उपटायचा? चिरा बसवायचा तर भगत लागतो, बोकड लागतो, साऱ्या गावाला जेवण लागतं. उद्या पोरीचा लगीन आहा. आज कुठून आणू?"

ती वाफ्याकडे बघत राहिली. धवलेरी गायची थांबली होती. नवरी पोर हुंदके देत होती. बाप कुठे आहे हेच समजत नसेल तर ती काय करील?

मग लाखी खाली बसली. पहिल्या दगडाभोवतीची माती हाताने दूर करून तिने त्याला हळद लावली. पुढे सरकून दुसऱ्याला लावली. मग तिसऱ्याला.

"अगं, हा दुसऱ्या कोणाचा असेल," मी कसंबसं म्हटलं.

"असल," ती मान वर न करता म्हणाली. "कोणाच्या पोरीचा बा असलच ना. त्याला तरी कोण लावणार हितं येऊन?"

नवरी रडायची थांबली आणि आईच्या मागोमाग प्रत्येक दगडापुढे वाकू लागली. धवलेरीने पुन्हा सूर धरला. वाटीतली हळद पुरेना, तेव्हा कासमभाई गुपचूप गेले आणि शेजारच्या किराणावाल्याकडून पुडी घेऊन आले. शिपायाने काठी कठड्याला टेकवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. काठ पिवळा झाला. मी पदर तोंडात धरून रडत होते.

घरी येऊन मी दत्तूवर अशी बरसले की भावजय मूल घेऊन आतल्या खोलीत गेली. तो आधी म्हणाला, "मला काय माहीत?" मग जेवला नाही. कारभाऱ्याशी बोलायचं त्याने कबूल केलं. कारभाऱ्याने ऐकून घेतलं, आणि हळदीने दगडांना डाग पडतात म्हणून काठ चुन्याने रंगवायचा हुकूम सोडला.

परतीला दत्तूने मोखाड्याचा गाडीवान करून दिला. एका उघड्या माळाशी त्याने बैल रस्त्यावरून खाली घेतले आणि लांबचा वळसा घातला. मी विचारलं, रस्ता तर सरळ आहे, खाली का उतरवलीस गाडी? त्याने हाताने दाखवलं. रस्त्याला लागूनच माळावर ओळीने खड्डे होते, दगड उपटून नेलेल्या जागेचे. कोणीतरी प्रत्येक खड्ड्यात मूठमूठ भात ठेवला होता.

"तिथे आता कोणी नाही रे," मी म्हटलं.

"आले तर जागा नको का त्यांना?" गाडीवान म्हणाला.

घरी पोचले तेव्हा साऱ्यांनी गराडा घातला. बाग कशी होती, खरंच एवढी सुंदर आहे का, असं जो तो विचारत होता. मी म्हटलं, फार सुंदर आहे, आणि देव करो, ती लवकर उजाड होवो.