शनिवारची कुकरी

दादा पटकीने गेला. सकाळी त्याने लाकडे फोडली आणि संध्याकाळी त्याला नेले.

तेराव्यानंतर आत्याने त्याच्या वस्तू देऊन टाकल्या. कुऱ्हाड आणि कोयता गड्याला मिळाला, आणि हत्यारे हाती येताच गड्याला आपल्या गावची शेती आठवली. तो पुन्हा दिसला नाही. घरात उरलो आत्या, वहिनी आणि मी. मी कल्याणच्या शाळेत मास्तर होतो. लाकडांविषयी मला एवढेच ठाऊक होते, की ती दादा फोडतो.

आमचे घर ठाण्यात, नौपाड्याच्या कडेला. पुढे आड होता, तिथे सगळी आळी पाण्याला येई. मागे वाडी, आणि वाडीच्या टोकाला एक विहीर, जिच्याकडे कुणी फिरकत नसे. चालीप्रमाणे वहिनींना वर्षभर मागल्या खोलीत, कोपऱ्यात बसायचे होते. पुढच्या आडावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या विहिरीचे मी आत्याला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वाट असती तर गेली असती. वाट आहे कुठे?"

ते खरे होते. पावसाळ्यात घाणेरी आणि करवंदीने वाट गिळून टाकली होती. नवा गडी लावावा, तर वहिनींच्या खोलीचे दार तिकडेच उघडे, आणि परका पुरुष तिकडे नको, असे आत्याचे म्हणणे. म्हणजे वाट मी तोडायची, नाहीतर वहिनींनी वर्षभर भिंती बघायच्या.

वहिनी माझ्याच वयाच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आम्ही दोघे शेजारच्या चिंचेवर दगड मारत असू. नेम त्यांचा लागे आणि बोलणी मी खाई. दादा गेल्यापासून त्या बोलल्याच नव्हत्या. मी कुकरी आणायचे ठरवले आहे, हे दाराबाहेरून सांगितले तेव्हा मात्र आतून आवाज आला.

"कुकरी? भावोजी, लढाईवर निघालात का?"

"वर्तमानपत्रात वाचलं मी. गुरखे तिने झाडंसुद्धा तोडतात."

"तोडणारे गुरखे असतात ना पण." त्यांचे माहेर शीळ गावाकडचे, मोठ्या वाडीचे. असली हत्यारे हाताळतच त्या वाढल्या होत्या. "आणाच. पण म्यान बघून भाळू नका. पाठ जाड हवी आणि वजन पुढे हवं. पातं मुठीतून पार शेवटपर्यंत गेलेलं हवं. आणि हात ओला करून मूठ धरून बघा. निसटली तर पाय तुमचाच आहे."

शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटल्यावर मी कल्याणच्या बाजारात गेलो. जुने सामान विकणाऱ्या एकाने मखमली म्यानातली कुकरी काढली. मुठीवर चांदीची फुले होती. किंमत ऐकून मी ती खाली ठेवली.

"मास्तर, लढाईवरची आहे ही."

"कुठली लढाई?"

"जिंकलेली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

पाते विळ्यासारखे पातळ होते. पलीकडे एक लोहार बसला होता. गाडीच्या चाकावरच्या मोडक्या कमानीच्या पोलादातून त्याने कुकरीच्या आकाराची पाती घडवली होती. काळी, बोजड, म्यान नाही, पण माझ्या ऐपतीतली. मी पाठ पाहिली, मुठीचे टोक पाहिले, मग पाणी मागून हात ओला केला.

"मास्तर, खरोखरच हात धुऊन मागे लागलात की," लोहार म्हणाला. "घरी कुणी शिकवून पाठवलंय वाटतं?"

मी उपरण्यात गुंडाळून कुकरी घेतली आणि आगगाडीत तिच्यावरच पुस्तक टेकवून वाचत आलो.

आत्या ओटीवरच होती. "काय आहे रे त्यात?"

मी दाखवले. तिने आधी कुकरीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आज वार कोणता?"

तेव्हा मला उमगले. शनिवारी कुणी लोखंड विकत घेत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मी पुस्तकांत इतका बुडालेला असे, की वार मला फक्त शाळेच्या वेळेपुरते कळत.

"हे घरात यायचं नाही," आत्या म्हणाली. "उंबऱ्याच्या आत आणशील तर बघ."

मी वळसा घालून मागे गेलो आणि कुकरी फणसाच्या खोडात रोवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घाणेरीवर घाव घालू लागलो. घाणेरी नुसती वाकायची आणि परत उभी राहायची. तळहाताला फोड आले. मागचे दार किंचित उघडे होते.

"भावोजी, ती तुम्हाला नमस्कार करते आहे."

"हसा."

"कुकरी घरात आली नाही ना अजून?"

"आत्या येऊ देत नाही."

"मग घरात न आलेली वस्तू घरच्या नियमात कशी बसेल?"

दुपारी आत्या जपाला बसली तेव्हा वहिनी बाहेर आल्या. विधवेच्या आलवणाचा पदर त्यांनी कमरेला खोचला, खोडातून कुकरी उपसली आणि करवंदीच्या बुंध्यावर तिरका घाव घातला. जाळी आडवी झाली. मी दाराशी पहारा करू लागलो. पुढे दर रविवारी असेच चालले: सकाळी मी वाटेची आशा दाखवी, दुपारी त्या वाट पाडत.

एकदा जेवताना आत्या म्हणाली, "सकाळी तुझा घाव भीत भीत पडतो. दुपारी मात्र एका घावात काम. जेवणानंतर बळ येतं वाटतं तुला?"

"हो, आत्या."

"मग भात आणखी घे." तिने वाढला. "आणि जरा हळू म्हणावं. माझा जप चुकतो."

मी मान वर केली नाही.

ज्या दिवशी विहिरीचा काठ दिसला, त्या दिवशी मागच्या दाराशी एक तांब्याची कळशी ठेवलेली होती. ती आत्याची होती. वहिनी ती उचलून विहिरीकडे गेल्या. दादा गेल्यानंतर प्रथमच त्या उघडपणे, न लपता आभाळाखाली चालत होत्या. आत्या दाराआड माझ्याशेजारी उभी होती. तीही विधवा, लहानपणीच याच खोलीत बसलेली.

"माझ्या वेळी मागे वाट नव्हती," ती म्हणाली, आणि जपाला गेली.

काही वर्षांनी आत्या वारली. या पौषात वहिनीही गेल्या. खोलीत आता कुणी नाही. कुकरी अजून घराबाहेर, फणसाच्या खोडात आहे. दर पावसाळ्यानंतर मी वाट तोडतो. माझा घाव अजून तसाच भीत भीत पडतो.